घोडीची चंदी

आमच्या घरी चहाला आलेल्या पाहुण्याला एक विनोद ऐकल्याशिवाय उठता येत नाही. या सदराच्या जुन्या वाचकांनीही तो दोन-तीन वेळा सोसला आहे. विनोद असा : १९७४ साली माझे लग्न झाले. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत मला घोडीवरून मिरवत नेत होते. वाटेत एका बोळाच्या तोंडाशी घोडी जी अडली, ती काही केल्या हलेना. वाजंत्री थांबली, करवल्या थांबल्या, मुहूर्त टळायची वेळ आली. शेवटी चौघांनी ढकलून तिला पुढे काढली. यावर मी म्हणत असे, "बघा, मुक्या जनावराला पुढचे दिसले होते. मलाच दिसले नाही!"

पाहुणे हसत. आमची ही पदराने तोंड पुसून आणखी चहा आणायला आत जात असे.

जवळजवळ पन्नास वर्षे सांगितलेला हा विनोद मी आज या दिवाळी अंकातून जाहीरपणे मागे घेत आहे. तो मागे घ्यायची पाळी माझ्यावर अमेरिकेत, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांच्या सीमेवरच्या डोंगरात, एका खेचरामुळे आली. ती हकिकत अशी.

चिरंजीव नॉक्सव्हिलला नोकरीला आहेत. २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो. निवृत्त बापाने परदेशी मुलाकडे जाऊन काय करायचे असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. खिडकीतून रस्ता बघायचा, आणि दुकानात प्रत्येक वस्तूच्या डॉलरला ब्याऐंशी-त्र्याऐंशीने गुणायचे. मी तर जन्मभर बँकेत जमाखर्च तपासलेला माणूस. गुणाकार करता करता माझा दिवस छान जाई.

घराशेजारी एक निवृत्त शिक्षिका राहत. आम्ही त्यांना आपसात मास्तरीणबाई म्हणत असू. त्यांच्याकडे तीन घोडे आणि एक खेचर. दर ऑक्टोबरात, पाने रंगली की, त्या जनावरांना गाडीमागच्या पेटीत चढवून डोंगरात मुक्कामाला जात. आमची अकरा वर्षांची नात त्यांची चेलीच होती. तिने जाहीर केले, "यंदा आजी-आजोबापण येणार."

मी म्हटले, "आजोबा घोड्यावर एकदाच बसले, आणि त्याचा परिणाम ते अजून भोगताहेत." चिरंजीव नाइलाजाने हसले. ही काही बोलली नाही. तिने फक्त विचारले, "घोडे किती हाताचे आहेत?"

हा प्रश्न मला तेव्हाच खटकायला हवा होता.

या डोंगरांविषयी थोडे सांगतो. अमेरिकेच्या पूर्व बाजूने ॲपलाशियन नावाची लांबच लांब डोंगररांग गेली आहे. उत्तरेकडून निघून ती पार अलाबामापर्यंत उतरते. तिच्या दक्षिण भागात स्मोकी म्हणून डोंगर आहेत. दाट झाडीतून उठणारे निळसर धुके सदान्कदा त्यांच्यावर लोंबत असते, म्हणून हे नाव. आपल्या सह्याद्रीसारखाच हा म्हातारा, झिजलेला, हिरवा डोंगर. टोकदार नाही, बर्फाचा मुकुट नाही. सर्वांत उंच शिखर २०२५ मीटर, म्हणजे कळसूबाईहून पावणेचारशे मीटरच जास्त. त्याला कुवोही हे जुने चेरोकी नाव २०२४ साली परत मिळाले. १९३४ साली इथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्यात सुमारे साडेपाचशे मैलांच्या वाटा घोड्यांसाठी मोकळ्या आहेत. शिवाय जिथे जनावरांसह मुक्काम करता येतो असे पाच तळ आहेत. त्यांपैकी कॅटलूची नावाच्या खोऱ्यातला तळ बाईंनी आधीच राखून ठेवला होता.

तयारी आठ दिवस आधी सुरू झाली आणि पहिला अपमान वजनकाट्यावर झाला. घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक ओझे घालायचे नाही, असा बाईंचा ठोकताळा. साडेचारशे किलोच्या घोड्यावर खोगीर धरून नव्वद किलो. माझे वजन त्र्याऐंशी आणि खोगीर पंधराचे. बाईंनी कागदावर बेरीज केली, चष्म्यावरून माझ्या पोटाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "यांना खेचर."

अठ्ठेचाळीस किलोंच्या आमच्या सौभाग्यवतींना मात्र एक तांबूस घोडी मिळाली. जात टेनेसी वॉकिंग हॉर्स. या घोड्यांची एक खास चाल असते. चारी पाय वेगवेगळे पडतात, मागचा पाय पुढच्या पावलाच्या ठशाच्याही पुढे पडतो, आणि चालताना घोडा मान डोलावतो. वर बसलेल्याला गचके म्हणून बसत नाहीत. पूर्वी मळ्यांवर दिवसभर फिरणाऱ्या लोकांसाठी ही चाल जोपासली गेली. पुढे प्रदर्शनांत पाय अधिक उंच उचलावेत म्हणून काही लोक त्यांच्या पायांना जाळणारी औषधे चोळू लागले. हे थांबवण्यासाठी अमेरिकेला १९७० साली कायदा करावा लागला. बाई हे सांगताना इतक्या रागावल्या, की जणू मीच औषध चोळले होते.

पहिल्या संध्याकाळी बाई हिला घोडीशी ओळख करून द्यायला गेल्या. ही सरळ घोडीच्या खांद्याशी गेली, मानेवर हात ठेवला, तो पायावरून खाली नेला. घोडीने आपणहून खूर उचलून हातात दिला. हिने तो नाल निरखून पाहिला, खाली ठेवला, खरारा मागून घेतला आणि कामाला लागली. नंतर घोडीवर बसून कुरणात दोन फेऱ्या मारल्या. उतरल्यावर म्हणाली, "आमच्याकडं हिला रवाल चाल म्हणायचे."

मी थक्क. "हे तुला कोणी शिकवलं?"

"गावाकडं होती एक घोडी," ती म्हणाली आणि तोबरा झटकू लागली.

हिचे माहेर दौंड तालुक्यात, भीमेच्या काठी. म्हणजे जिथल्या तट्टांवर मराठ्यांनी मुलूख पालथा घातला ती भीमथडीच. पण लग्नाला एवढी वर्षे होऊन मला या घोडीचा पत्ता नव्हता. सासुरवाडीच्या आठवणीत माझ्याजवळ शेंगदाण्याच्या पोळ्यांखेरीज काही जमा नव्हते.

ऑक्टोबराच्या मध्यावर निघालो. घोड्यांचे कागदपत्र पाहून तर मला हसूच आले. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचे, तर प्रत्येक जनावराची रक्ततपासणी होऊन रक्तक्षयाचा एक साथरोग नसल्याचा दाखला जवळ लागतो. आमच्या व्हिसाला जेवढी चौकशी झाली त्याहून फार कमी नाही. खोऱ्यात उतरणारा रस्ता खडीचा, अरुंद, आणि आपल्या वरंधा घाटाची आठवण करून देणारा. मागे जनावरांची पेटी ओढत चिरंजीव गाडी चालवत होते आणि मी मारुतिस्तोत्र म्हणत होतो.

तळावर पोचलो तेव्हा भूक लागली होती. मी पोळीभाजीच्या डब्याकडे हात नेला. बाई म्हणाल्या, "आधी घोडे." मग कळले, की इथे हाच पहिला आणि शेवटचा नियम. घोडा दिवसाला वीस ते चाळीस लिटर पाणी पितो. ते ओढ्यावरून आणायचे. आठ-नऊ किलो चारा खातो. तोही बरोबर आणलेला, कारण इथल्या रानात चरायला सोडायची मनाई. त्या चाऱ्यातही तणाचे बी नसावे, नाही तर पुढल्या वर्षी परके तण रानभर. झाडाला बांधायचे नाही, कारण घोडा साल कुरतडतो आणि टापांनी मुळे उघडी पाडतो. तळावर बांधायला आडव्या दांड्या ठोकलेल्या असतात. आडरानात मुक्काम असेल, तर दोन झाडांना रुंद पट्टे गुंडाळून डोक्याहून उंच दोर ताणतात आणि त्याला घोडे अडकवतात. जळाऊ लाकूडसुद्धा भट्टीत तापवून कीड मारलेले. आणि घोडा रोज वीस किलोंच्या वर लीद टाकतो. ती कोणी उचलायची? ज्याने टाकली त्याच्या मालकाने.

"आपल्याकडे माथेरानला हे सगळं घोडेवाला करतो," मी म्हटले.

"म्हणून तर आपल्याला घोडा कळत नाही," ही म्हणाली आणि माझ्या हातात फावडे दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघे निघालो : पुढे बाई, मग नात, मग ही, आणि शेवटी खेचरावर मी. साऱ्यांच्या डोक्यावर शिरस्त्राणे. नऊ-दहा मैलांचा फेरा होता. कॉल्डवेल फोर्क नावाच्या ओढ्याच्या काठाने वर जायचे आणि रफ फोर्कच्या काठाने उतरायचे. ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो. पायी जाणाऱ्यांसाठी ओंडक्याचे पूल आहेत, घोड्याने मात्र पाण्यातून जायचे. मेपलची पाने अशी पेटली होती, की होळीतून चालल्यासारखे वाटावे. वाटेत ट्यूलिप पॉपलरचे बुंधे असे, की आम्ही चौघांनी हात धरले असते तरी कवेत आले नसते.

तिसऱ्या की चौथ्या उताराला माझे खेचर काठावर थांबले. बाकीच्या तिघी पलीकडे गेलेल्या. मी "चल बाबा" म्हटले, लगाम हलवला, टाच मारली. ढिम्म! आपला लहानपणचा उखाणा आठवला : भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? उत्तर एकच, न फिरवल्यामुळे! मी काठी तोडायला एका फांदीकडे हात घातला, तोच बाई पलीकडून ओरडल्या, "मारू नका! ते थांबलंय, म्हणजे कारण असेल. बघू द्या त्याला."

खेचराने मान खाली घातली, कान पुढे केले, काठ हुंगला, आणि दोन हात डावीकडे सरकून शांतपणे पाण्यात उतरले. पलीकडे गेल्यावर बाईंनी दाखवले : मी जिथून त्याला रेटत होतो तिथली माती खालून पाण्याने पोखरली होती. वर नुसते पानांचे पांघरूण. आम्ही दोघेही त्यात गेलो असतो.

"घोडा भीतीनं तुमचं ऐकतो," बाई म्हणाल्या. "खेचर स्वतःचंही ऐकतं. लोक त्याला हट्टी म्हणतात."

परतीच्या वाटेवर, खोऱ्यातल्या सडकेजवळ, कॉल्डवेल कुटुंबाचे जुने घर लागते आणि समोर त्यांचा गोठा. १९१० च्या सुमारास या खोऱ्यात बाराशे माणसे राहत होती. घरे, शाळा, देऊळ, सफरचंदांच्या बागा. पुढे राष्ट्रीय उद्यान ठरले, सरकारने जमिनी घेतल्या आणि माणसे उठून गेली. आता काही घरे उभी आहेत आणि त्यांत कोणी नाही. २००१ साली इथे एल्क नावाची मोठी हरणे परत आणून सोडली. तीच आता संध्याकाळी कुरणात चरतात, मालकासारखी. ही घोडीवरून उतरली आणि गोठ्यात गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी डोकावलो. ती एका रिकाम्या गव्हाणीच्या कडेवर हात ठेवून उभी होती. लाकूड घासून घासून गुळगुळीत झाले होते, जनावराच्या मानेने होते तसे. मला पाहून म्हणाली, "चला, घोड्यांना पाणी दाखवायचंय."

रात्री शेकोटी पेटली. लांब कुठे तरी एल्क ओरडत होता. आवाज म्हणजे गंजलेले दार कोणी सावकाश उघडावे तसा. थंडी मी म्हणत होती. चिरंजीवांनी खिचडी केली होती. अशा मैफलीत माझ्या तोंडून काय बाहेर पडणार? नातीने भाषांतर केले आणि मी माझा विनोद सांगितला : लग्नाची मिरवणूक, बोळाचे तोंड, अडलेली घोडी.

चिरंजीव सवयीने हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी लाकूड पुढे सारले आणि विचारले, "त्या बोळात काय होतं?"

मी गोंधळलो. एवढ्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही नाही. "काय की बुवा. असेल काही तरी."

"आमचा वाडा होता," ही म्हणाली.

कोणी बोलले नाही, म्हणून तीच पुढे बोलली. आगीकडे बघत, साध्या आवाजात, जसे कोणी वाण्याची यादी सांगावी.

"मांडव शाळेच्या पटांगणात होता. बोळातनं आत गेलं की वाडा. घोडी आमचीच. चंद्री नाव. कपाळावर चांद होता. आबा तिच्यावरनं बाजाराला जायचे. नदीवर पाण्याला मी न्यायची. बहात्तरच्या दुष्काळात दोन बैल गेले, पण आबांनी चंद्री जगवली. आई नि मी खडी फोडायला जायचो, तिथं सुकडी मिळायची. त्यातली मूठभर मी तिच्यासाठी पदरात बांधून आणायची."

"मग?" नातीने विचारले.

"मग माझं लग्न ठरलं. ह्यांच्या वडलांनी हुंडा नको म्हणून सांगितलं. चांगली माणसं. फक्त मुलाला मनगटी घड्याळ, सूट, आणि घोड्यावरून मिरवणूक. आबांकडं दुष्काळानंतर होतं काय? व्यापाऱ्याशी चंद्रीचा सौदा केला. विसार आला त्यात घड्याळ आणि सूट झाला. मिरवणूक होईपर्यंत घोडी आमच्याकडं राहील, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घेऊन गेला." ती थांबली. "तिला वाटलं असेल, घरी चाललोय. म्हणून बोळाशी थांबली. ढकललं तेव्हा मी मांडवातनं बघत होते."

एल्क पुन्हा ओरडला. चिरंजीव खाली बघत होते. माझ्या मनगटावर तेच घड्याळ होते, एचएमटीचे, किल्लीचे. आगीच्या उजेडात त्याची काच चमकत होती. मला ते बाहीखाली झाकावेसे वाटले आणि झाकायची लाजही वाटली.

हुंडा घेतला नाही, याचा आमच्या घराण्याला केवढा अभिमान! वडिलांच्या लग्नखर्चाच्या वहीत मी स्वतः वाचले आहे : 'मुलीकडून : घड्याळ १, सूट १.' जन्मभर मी दुसऱ्यांच्या जमाखर्चात प्रत्येक जमेची बाजू कुठून आली ते विचारत आलो. या दोन ओळींपुढे मात्र कधी प्रश्नचिन्ह केले नाही.

"तू कधी बोलली का नाहीस?" मी शेवटी विचारले.

"तुम्ही विनोद सांगायचात," ती म्हणाली. "पाहुण्यांसमोर काय बोलणार? आणि तुम्हाला कुठं ठाऊक होतं?" मग उठून शाल घट्ट करीत म्हणाली, "घोडी थंडीनं कुडकुडत असेल. पांघरूण घालून येते."

त्या रात्री झोप लागली नाही. तीन वाजून वीस मिनिटांनी तंबूबाहेर आलो. चारी जनावरे दांडीशी उभ्याने डुलत होती. माझ्या खेचराने एक कान वळवला. मी त्याच्याजवळ गेलो, मागून नव्हे, खांद्याकडून, हिने शिकवले होते तसा, आणि मानेवर हात ठेवून उभा राहिलो. सकाळी कोणी सांगायच्या आत दोघांनी मिळून लीद उचलली. ती फावडे भरायची, मी ढकलगाडी न्यायचो. फार बोललो नाही. घोडी कुठे विकली गेली, पुढे कधी दिसली का, हे मी विचारले. "बारामतीकडं गेली," ती म्हणाली. "आबा एकदा जाऊन बघून आले. बरी होती म्हणाले. आबा खोटं बोलत नसत, पण त्या दिवशी जेवले नाहीत."

पुढच्या वर्षी, २०२४ च्या सप्टेंबरअखेर, हेलेन वादळाने हे सारे डोंगर झोडपले. आम्ही गेलो तो महामार्ग पिजन नदीने काही ठिकाणी कापूनच नेला आणि कॅटलूचीची वाटही उखडली. बाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी एक गोष्ट मुद्दाम मला सांगायला सांगितली : ज्या खोऱ्यांत गाड्या जाईनात, तिथे लोकांनी खेचरांच्या पाठीवरून अन्न आणि औषधे पोचवली. हट्टी जनावर! कुठे पाय टाकायचा आणि कुठे नाही, हे त्यालाच कळत होते.

आम्ही परत पुण्याला आलो, त्याला आता बरेच दिवस झाले. पाहुणे येतात, चहा होतो. विनोदाची जागा रिकामी राहते; चालायचेच. घड्याळ काढून ठेवावे असे मी एकदा म्हणालो होतो. ही म्हणाली, "का बरं? तेवढीच तर राहिली आहे तिची. जपून वापरा."

तेव्हापासून एक रिवाज पडला आहे. रोज सकाळी स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अहो, चंद्रीला चंदी घातलीत का?" मी किल्ली फिरवीत म्हणतो, "घालतोय."

घड्याळ अलीकडे दिवसाला चार मिनिटे मागे पडते. पूर्वी मी लगेच दुरुस्तीला टाकले असते. आता टाकत नाही. थांबत असेल कुठे तरी थोडी. कारण असेल.